चालू धंदा विकून देणाऱ्या मध्यस्थ संस्थेची सेवा : इंदूरमधील एका गेम झोनच्या विक्रीवरून

अन्नपूर्णा रस्त्यावर, दसरा मैदानापासून पायी पाच मिनिटांच्या अंतरावर, पहिल्या मजल्यावरच्या २,२०० चौरस फुटांच्या हॉलमध्ये माझे यजमान आणि मी एप्रिल २०१२ पासून मुलांसाठी गेम झोन चालवीत होतो. ते आम्ही नोव्हेंबर २०२१ मध्ये विकले. घरे आणि प्लॉट विकून देणारे दलाल इंदूरमध्ये गल्लोगल्ली सापडतात; चालू धंदा विकून देण्याचे काम करणारी संस्था मात्र आम्हाला आमच्या सीएंनी सुचवली, तोपर्यंत असे काही असते हेच आम्हाला ठाऊक नव्हते. तिच्या सेवेविषयी हे परीक्षण आहे. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण शुल्कावरून आमचा वाद झाला होता, तो समोरासमोर बसून मिटला, आणि मिटलेल्या वादातला एक पक्ष नावानिशी लिहिणे मला बरे वाटत नाही. माझे मत आधीच सांगून टाकते: या संस्थेने आमचा हिशेब ज्या पद्धतीने मांडला ती पद्धत उत्कृष्ट होती, खरेदीदार शोधण्याचे काम सामान्य होते आणि तिचा करारनामा पूर्णपणे एकतर्फी होता.

धंद्याचे स्वरूप थोडक्यात सांगावे लागेल. पाच प्लेस्टेशन, दोन एअर हॉकी, एक बास्केटबॉल मशीन, लहान मुलांसाठी बॉल पूल आणि सॉफ्ट प्ले, आणि मागच्या बाजूला चाळीस मुले मावतील अशी पार्टीची खोली. दारावर ‘गेम झोन’ लिहिलेले असले तरी आमच्या उत्पन्नातला निम्म्याहून अधिक भाग वाढदिवसांचा होता. व्हिडिओ गेमचे गिऱ्हाईक तसे २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आल्यापासूनच पातळ होऊ लागले होते, कारण कॉलेजच्या मुलांच्या हातात स्वस्त डेटा आणि त्यामागोमाग मोबाईलवरचा पबजी आला. वाढदिवस मात्र मोबाईलवर साजरा होत नाही, एवढ्या एका गोष्टीवर आम्ही तगून होतो. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली आणि तोही आधार गेला.

आमच्या प्रकारच्या धंद्यांना दार उघडण्याची परवानगी सर्वांत शेवटी मिळाली. मनोरंजन उद्याने आणि तत्सम जागा १५ ऑक्टोबर २०२० पासून उघडता येतील, असे केंद्राच्या अनलॉकच्या पाचव्या टप्प्यात ठरले, म्हणजे जवळजवळ सात महिने उत्पन्न शून्य आणि भाडे मात्र चालू, अशी स्थिती होती. रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना ऑगस्टपर्यंत जी सवलत दिली तिने श्वास घ्यायला अवधी मिळाला, परंतु व्याज साचतच होते. जानेवारी २०२१ मध्ये आम्ही विकण्याचा निर्णय घेतला. आमच्या लोकमान्यनगरात ‘धंदा विकायला काढला’ हे वाक्य आजही ‘दिवाळे निघाले’ याच स्वरात उच्चारले जाते, त्यामुळे घरातल्या चार माणसांपलीकडे ही गोष्ट जाऊ नये अशी आमची पहिली अट होती. ती अट पुढे कशी पाळली गेली ते सांगेनच.

संस्थेशी ८ फेब्रुवारी २०२१ रोजी करार झाला. सुरुवातीचे परत न मिळणारे शुल्क ३५,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. विक्री झाल्यावर किमतीच्या ५ टक्के, परंतु कमीत कमी १ लाख रुपये. मुदत नऊ महिन्यांची, आणि त्या काळात दुसऱ्या कोणामार्फतही विक्री करायची नाही. सातव्या पानावर आणखी एक कलम होते: मुदत संपल्यानंतरच्या बारा महिन्यांत विक्री झाली, तरी ठरलेले शुल्क देय राहील. खरेदीदार कोणी आणला याचा त्या कलमात उल्लेखच नव्हता. मी एम.कॉम. आहे, नऊ वर्षे धंद्याचे हिशेब स्वतः लिहिले आहेत, आणि तरीही ते पान मी घाईने उलटले, हे कबूल केले पाहिजे.

आता संस्थेच्या कामातील सर्वांत मोलाच्या भागाकडे येते. आमच्या मनातली किंमत ३० लाख रुपये होती, आणि ती कशी आली असे विचारल्यावर आमच्याकडे एकच उत्तर होते: इतके आम्ही घातले आहेत. संस्थेतर्फे आमचे काम पाहणारा तरुण अत्यंत सभ्य होता. त्याने तो आकडा खोडला नाही, केवळ बाजूला लिहून ठेवला, आणि २०१८-१९ चे नफा-तोटा पत्रक समोर घेतले. निव्वळ नफा ३ लाख १० हजार. त्यात घसारा, म्हणजे यंत्रे जुनी होत जाण्यापोटी धरलेला खर्च, १ लाख ८५ हजार परत मिळवला, कारण तो खिशातून जात नाही. कर्जावरचे व्याज ६५ हजार परत मिळवले, कारण नव्या मालकाचे कर्ज त्याचे स्वतःचे असेल. आणि धंद्याच्या खात्यातून भरली जाणारी आमच्या घरची फोन-पेट्रोलची ४० हजारांची बिले, ज्यांच्याविषयी मी थोडी लाजले, तीही परत मिळवली. बेरीज ६ लाख. छोट्या धंद्यात मालकाच्या हातात वर्षाला जी रक्कम पडते तिच्या अडीच ते तीन पट किंमत मागता येते, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे १५ ते १८ लाख. यजमानांनी त्या रात्री जेवताना एक शब्दही काढला नाही.

ही पद्धत काही गुपित नाही, आणि कोणताही चांगला सीए ती मांडून देईल. खरा प्रश्न वेगळा होता. मंदीत धंदा विकताना कोणते वर्ष ‘नेहमीचे’ धरायचे? आम्ही म्हणणार २०१८-१९. खरेदीदार म्हणणार २०२०-२१, ज्या वर्षी आमची विक्री चौथ्या हिश्श्यावरही नव्हती. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन पहिल्या सरकारी अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घसरले होते, आणि हा आकडा वर्तमानपत्रांतून इतका फिरला होता की आमच्याकडे आलेल्या दोन खरेदीदारांनी तो बोलणीच्या सुरुवातीलाच ऐकवला. जणू तेवढे टक्के किमतीतून वजा करणे हा त्यांचा हक्कच होता. दोन्ही वर्षांची सरासरी काढणे हा यावरचा सोपा आणि चुकीचा उपाय झाला असता, कारण ती सरासरी कोणत्याच खऱ्या वर्षाशी जुळत नाही.

संस्थेने त्याऐवजी एक स्वतंत्र पान तयार केले. पुन्हा उघडल्यानंतरच्या प्रत्येक महिन्याची विक्री टाळेबंदीपूर्वीच्या त्याच महिन्याच्या विक्रीशी ताडून पाहिली: नोव्हेंबर २२ टक्के, डिसेंबर ३१, जानेवारी ३८, फेब्रुवारी ५२. मार्च २०२० अर्धवटच गेला असल्यामुळे मार्च २०२१ ची तुलना त्याच्याशी न करता मार्च २०१९ शी केली, आणि तसे का केले ते तळटीपेत लिहिले. वाढदिवसांचे बुकिंग आणि दारावर येणारे गिऱ्हाईक हे दोन स्तंभ वेगळे ठेवले. वाढदिवस लवकर परतत होते, दारावरचे गिऱ्हाईक उशिरा. दुसरी लाट येऊन एप्रिल-मेमध्ये सारे पुन्हा बंद झाले, जुलैत आम्ही दार उघडले, आणि त्या तरुणाने जुलै ते सप्टेंबरचे आकडे घेऊन तेच पान पुन्हा केले. दुसऱ्या वेळचा चढ पहिल्यापेक्षा लवकरचा होता. धंदा पडलेला आहे हे न लपवता तो कोणत्या गतीने उठतो आहे ते दाखवणारे हे एक पान माझ्या दृष्टीने ३५,००० रुपयांचे होते. पुढे किंमत टिकली ती याच पानामुळे.

यंत्रांच्या बाबतीत संस्थेचा अंदाज मात्र चुकला. संस्थेतील वडीलधारे भागीदार पहिल्याच भेटीत म्हणाले होते, “भाभीजी, मशीन का तो भंगार भाव आएगा, बिकेगी जगह।” एअर हॉकी आणि बास्केटबॉलच्या बाबतीत ते खरे ठरले. परंतु फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आलेला प्लेस्टेशन ५ वर्षभर बाजारात धड मिळतच नव्हता, जगभर चिपचा तुटवडा होता, आणि त्यामुळे आमच्या जुन्या प्लेस्टेशन ४ ला जेल रोडच्या बाजारात बरा भाव मिळत होता. हे संस्थेच्या मूल्यांकनात आले नाही, कारण त्यांनी सर्व यंत्रांना एकच सरधोपट घसारा लावला. आम्ही स्वतः तीन दुकानांतून भाव काढून आणले तेव्हा त्यांनी तो आकडा निमूटपणे बदलला. मनोरंजनाच्या धंद्यातले यंत्र आणि पिठाच्या गिरणीतले यंत्र यांचे वय सारखे मोजून चालत नाही, ही समज त्यांना असायला हवी होती.

‘बिकेगी जगह’ हे वाक्य आणखी एका अर्थाने आमच्यावर उलटले, आणि याचे श्रेय संस्थेला दिलेच पाहिजे, कारण खोट त्यांनीच दाखवली. आमचा भाडेकरार अकरा महिन्यांचा होता. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्यामुळे आपल्याकडे बहुतेक दुकाने अकरा-अकरा महिन्यांच्या कागदावर वर्षानुवर्षे चालतात, तसेच आमचेही चालले होते. विकायला निघाल्यावर कळले की आमच्या हातात विकण्यासारखी जागा नाहीच. आहेत ते कराराचे उरलेले चार महिने. त्यातून मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ प्रमाणे घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे हे जागा रिकामी करून घेण्याचे कारण ठरू शकते, तेव्हा खरेदीदाराला आपल्या नावावर गुपचूप बसवण्याचा मार्गही बंद. ज्या गोष्टीविषयी आम्ही नऊ वर्षे निश्चिंत होतो ती पहिल्याच आठवड्यात सर्वांत मोठी अडचण म्हणून पुढे आली.

घरमालक मराठीच, आम्ही त्यांना काकासाहेब म्हणतो, आणि माझ्या सासऱ्यांशी त्यांचा घरोबा होता. संस्थेच्या तरुणाने त्यांच्याकडे स्वतः जाण्याची तयारी दाखवली, परंतु मी एकटीच गेले, आणि ते बरे झाले. काकासाहेबांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “सूनबाई, आपल्या सासऱ्यांचा शब्द होता म्हणून आजवर कागदाकडे पाहिले नाही. परका माणूस येणार असेल तर पाच वर्षांचे रजिस्टर्ड करू, पण भाडे पंधरा टक्के वाढेल आणि डिपॉझिट नवे लागेल.” ही वाढ खरेदीदाराच्या नफ्यातून, म्हणजे शेवटी आमच्या किमतीतून जाणार होती, तरीही त्यांची लेखी तयारी हातात आल्यावरच आमच्या फाईलला वजन आले.

फाईलमध्ये मी एक गोष्ट माझ्या हट्टाने घालायला लावली. आमचा मोबाईल क्रमांक. वाढदिवसाचे सारे बुकिंग त्या एका क्रमांकावर येत असे, गूगलवरचे आमचे पान आणि त्यावरचे नऊ वर्षांचे अभिप्राय त्याच्याशी जोडलेले होते, आणि त्यात हजाराहून अधिक आयांचे क्रमांक मुलांच्या वाढदिवसांच्या तारखांसह साठवलेले होते. संस्थेच्या यादीत फर्निचरच्या प्रत्येक खुर्चीची नोंद होती, या क्रमांकाची नव्हती. खरेदीदाराने शेवटी सर्वांत जास्त घासाघीस याच गोष्टीवर केली.

आता गुप्ततेविषयी. खरेदीदारांना पाठवण्यासाठी नाव न देता एक पानाची माहिती तयार करतात, त्याला ते टीझर म्हणतात; रस दाखवणाऱ्याने गोपनीयतेच्या कागदावर सही केल्यानंतरच नाव कळवायचे अशी रीत आहे. आमच्या टीझरमध्ये नाव नव्हते. ‘अन्नपूर्णा परिसरातील, पहिल्या मजल्यावरील, पार्टी हॉलसह, नऊ वर्षे चालू असलेले गेम झोन’ असे वर्णन होते. त्या परिसरात असे गेम झोन एकच होते! तिसऱ्या आठवड्यात हे पान फिरत फिरत आमच्या काउंटरवरच्या मुलाच्या मोबाईलवर आले. त्याने मला काही विचारले नाही, पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे नोकरी धरली. त्यानंतर दोन आयांनी ॲडव्हान्स परत मागितला, आणि एका नातेवाइकांनी फोन करून “ऐकले ते खरे का?” असे विचारताना आवाजात जी काळजी आणली ती मला अजून आठवते. संस्थेने क्षमा मागितली, पान बदलून ‘पश्चिम इंदूर’ असे केले. परंतु टीझर बाहेर पाठवण्यापूर्वी तो आम्हाला दाखवला असता तर हे घडलेच नसते. सेवेतील हा दोष मी सर्वांत गंभीर मानते.

खरेदीदारांची कथा लवकर संपते. चौकश्या पुष्कळ आल्या, प्रत्यक्ष पाहायला तिघे आले. विजयनगरमधील एका कॅफेवाल्यांना केवळ यंत्रे हवी होती आणि तीही हप्त्यांवर. एका क्लासवाल्यांना केवळ हॉल हवा होता. बॉल पूलकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिले त्यावरूनच मला ते कळले. तिसरे गृहस्थ गंभीर होते, दोन महिने बोलणी झाली, आणि शेवटी त्यांनी निम्मी रक्कम रोख देण्याचा आग्रह धरला. येथे संस्थेची भूमिका मला खटकली. ‘पाहा, जमत असेल तर’ असे त्यांचे म्हणणे पडले. त्या वेळच्या आयकर कायद्याच्या कलम २६९एसटी प्रमाणे १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नव्हती, आणि स्वीकारली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकत होता. म्हणजे जोखीम सारी आमच्या माथी आली असती. हे आम्हाला आमच्या सीएंनी सांगितले. ज्यांनी शुल्क घेतले होते त्यांनी ते आधी सांगायला हवे होते.

ज्याने शेवटी धंदा घेतला तो माणूस नऊ वर्षांपासून आमच्याकडे येत होता. जेल रोडवर त्याचे दुरुस्तीचे छोटे दुकान होते. आमच्या यंत्रांचे मदरबोर्ड, जॉयस्टिक, कॉइनचे कुलूप हे सारे तोच सांभाळत असे. ऑगस्टमध्ये एअर हॉकीचा पंखा बदलायला आला असताना त्याने स्क्रू घट्ट करता करता विचारले, “दीदी, सुना है बेच रहे हो?” बातमी फुटल्याचा एवढा एक फायदा झाला म्हणायचा. त्याला यंत्रांची भीती नव्हती, कारण त्यांतला प्रत्येक दोष त्याला ठाऊक होता. त्याला वाढदिवसांचे गणित ठाऊक नव्हते, आणि तिथे संस्थेचे ते महिनावार पान कामी आले. त्याच्या मेव्हण्याने ते तीनदा वाचले. बँकेने चालू धंदा विकत घेण्यासाठी कर्ज द्यायला नकार दिला. नव्या यंत्रांसाठी मात्र मुद्रा योजनेतून कर्ज देऊ केले, त्यामुळे त्याची स्वतःची शिल्लक आमच्यासाठी मोकळी राहिली. १५ लाख ५० हजारांवर सौदा ठरला. ११ लाख सहीच्या दिवशी बँकेतून, आणि उरलेले साडेचार लाख पन्नास-पन्नास हजारांच्या नऊ चेकने, जानेवारी ते सप्टेंबर २०२२. घरच्यांना हे हप्ते मान्य नव्हते. मंदीत पूर्ण रक्कम एकदम देणारा माणूस भेटला तर तो किंमत किती पाडतो हे आधीच्या तिघांनी दाखवले होते, म्हणून मी आग्रह धरला.

कागदपत्रांच्या टप्प्यावर संस्था पुन्हा चांगल्या रूपात दिसली. धंदा वस्तूवार विकायचा की एकगठ्ठा, हा मुख्य निर्णय होता. वस्तूवार विकला तर यंत्रांवर जीएसटी लागतो. चालता धंदा संपूर्णपणे हस्तांतरित केला तर २८ जून २०१७ च्या अधिसूचनेप्रमाणे ती सेवा करमुक्त आहे. खरेदीदाराच्या सीएंना वस्तूवार विक्री हवी होती, कारण २०२१ च्या वित्त कायद्याने गुडविलवरचा, म्हणजे धंद्याच्या नावलौकिकाच्या किमतीवरचा, घसारा बंद केला होता आणि यंत्रांची किंमत जितकी जास्त दाखवली जाईल तितका घसारा त्यांच्या पक्षकाराला मिळाला असता. त्या तरुणाने दोन्ही बाजूंचा कर एका कागदावर मांडून दाखवला की एकगठ्ठा विक्रीत दोघांचा मिळून बोजा कमी पडतो. धंदा ३६ महिन्यांहून जुना असल्यामुळे आमचा नफा दीर्घ मुदतीचा धरला गेला, त्या वेळच्या २० टक्के दराने कर बसला, आणि सीएंचा अहवाल फॉर्म ३सीईए मध्ये द्यावा लागला. त्यानंतर २३ जुलै २०२४ पासून हा दर साडेबारा टक्के झाला आहे, तेव्हा आज विकणाऱ्याने माझ्या आकड्यांवर विसंबू नये. जीएसटीची नोंदणी हस्तांतरित होत नाही; खरेदीदाराने स्वतःची घेतली, आमच्या खात्यात शिल्लक राहिलेले क्रेडिट (खरेदीवर आधी भरलेल्या कराची वजावट) आयटीसी-०२ या फॉर्मने त्याच्याकडे गेले, आणि मग आम्ही आमची नोंदणी रद्द करून अंतिम विवरण भरले. गुमास्ता, म्हणजे दुकानाचा परवाना, नव्याने त्याच्या नावे निघाला.

खरेदीदाराला आमच्याकडून लिहून हवे होते की आम्ही पुन्हा गेम झोन काढणार नाही. संस्थेच्या छापील मसुद्यात ‘संपूर्ण मध्यप्रदेशात दहा वर्षे’ असे होते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे कोणाच्या व्यवसायावर असे बंधन घालणारा करार एरवी निरर्थक ठरतो. गुडविल विकणाऱ्यावर ते घालता येते, पण ठराविक स्थानिक हद्दीपुरते आणि वाजवी असेल तरच. आम्ही तीन किलोमीटर आणि तीन वर्षे असे करून घेतले. मला पुन्हा असला धंदा काढण्याची इच्छा नव्हती, तरी छापील मसुदा जसाच्या तसा पुढे सरकवण्याची संस्थेची सवय येथेही दिसली.

३० नोव्हेंबर २०२१ रोजी सह्या झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी संस्थेचे १ लाख रुपये अधिक जीएसटीचे बिल आले. पाच टक्क्यांनी ७७,५०० झाले असते, पण किमान रकमेचे कलम होते. नऊ महिन्यांची मुदत ७ नोव्हेंबरला संपली होती. बारा महिन्यांचे कलम लागू होते. खरेदीदार आमचा, घरमालकाशी बोलणी आमची, फोन क्रमांकाची कल्पना आमची, आणि बिल पूर्ण! मी सातवे पान घेऊन त्यांच्या कार्यालयात गेले. वडीलधाऱ्या भागीदारांनी कायद्याने बरोबर असल्याचे सांगितले आणि तसे ते होतेही. मी म्हटले की तुमचा हिशेब आणि कागद यांचे मोल मी मानते, खरेदीदाराचे मोल मला का लावता? अर्धा तास बोलणे झाले. ५०,००० अधिक जीएसटीवर आम्ही थांबलो. तो तरुण मला जिन्यापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला की करार करतानाच हे कलम बदलून मागणाऱ्यांना ते बदलून देतात.

एक उणीव मला तेव्हा दिसलीच नव्हती. संस्थेने मागितलेल्या कागदांच्या यादीत अग्निशमनाचा एकही कागद नव्हता, कोणत्याही खरेदीदाराने तो विचारला नाही, आणि आम्हीही नऊ वर्षे पहिल्या मजल्यावर, एकाच जिन्याच्या हॉलमध्ये, फोम आणि प्लास्टिकने भरलेला सॉफ्ट प्ले चालवून त्याचा विचार केला नाही. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या टीआरपी गेम झोनमध्ये आग लागून २७ जणांचा जीव गेला, तेव्हा दूरदर्शनवर ती दृश्ये पाहताना माझ्या डोळ्यांसमोर आमचा जिना आला. नव्या मालकाला मी त्याच संध्याकाळी फोन केला. त्याने मागच्या बाजूने लोखंडी जिना आधीच काढून घेतला होता. भिंत फोडायला काकासाहेबांनी परवानगी दिली होती. मूल्यांकन करणाऱ्या संस्थेने अशा जागेचा धोका किमतीत धरला पाहिजे आणि विकणाऱ्याला तो तोंडावर सांगितला पाहिजे.

सेवा घ्यावी का, असे मला विचारणाऱ्यांना मी हो म्हणते, पण अटींसह. दोन-तीन वर्षांचे हिशेब स्वच्छ असतील, आणि किंमत तीस-चाळीस लाखांच्या आत असेल, तर या संस्थेकडून केवळ मूल्यांकन आणि कागदपत्रे करून घ्यावीत व त्याचे ठरीव शुल्क द्यावे. ते तसे काम स्वतंत्रपणे करतात, हे मला नंतर कळले. विक्रीचे कामही द्यायचे असेल तर विकणाऱ्याने स्वतः आणलेल्या खरेदीदारावर शुल्क निम्मे किंवा शून्य, मुदतीनंतरचे कलम फक्त त्यांनी लेखी कळवलेल्या नावांपुरते, आणि टीझर बाहेर जाण्यापूर्वी आपली सही, एवढे करारात लिहून घ्यावे. खरेदीदाराच्या शोधात संस्थेची यादी चाळण्याआधी आपल्याला माल देणारे, दुरुस्ती करणारे, केक पुरवणारे यांच्याकडे एकदा पाहावे. आमच्या धंद्याची नाडी त्यांना त्या यादीतल्या कोणाहीपेक्षा चांगली माहीत होती. नऊही चेक वेळेवर वटले. शेवटचा, सप्टेंबर २०२२ चा, मी अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी बँकेत भरला, कारण दुसऱ्या दिवशी झांक्यांसाठी, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीसाठी, सारे रस्ते बंद होणार होते.